समुपदेशक नेमला, पण वेळापत्रक कोण बघणार?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा सूचना दिल्या. विशाखापट्टणमला 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्यापुढे होतं, त्यातून हा आदेश निघाला. पण तो फक्त क्लासेसपुरता नव्हता. शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं सगळ्यांना लागू होता. यथावकाश त्याचं परिपत्रक आमच्या पुण्यातल्या डिझाइन कॉलेजात पोचलं आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, समिती करायचीय. निमंत्रक तुम्ही." मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या केबिनमध्ये टिश्यूचा डबा असतो." विनोद होता, पण खोटा नव्हता.

आदेशातल्या बऱ्याच गोष्टी फाइलपुरत्या सोप्या आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर वर्गांत आणि वसतिगृहात ठळक लावा. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या. तातडीच्या प्रसंगी कोणाला कुठे न्यायचं ते लेखी ठरवा. ऑफिसने पहिली दोन कामं पटापट उरकली. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशक बाई कंत्राटावर रुजू झाल्या. १४४१६ या नंबराची पाटी लागली, अर्थात डिझाइन कॉलेज असल्यामुळे तिचा फॉन्ट कोणता असावा यावर बराच वाद झाल्यानंतर. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, म्हणून पोस्टर स्पर्धा ठेवली गेली. तडा गेलेली डोकी, गुंतलेल्या दोऱ्याचे गुंडे, काळ्या खिडकीतून येणारा पिवळा उजेड असं सगळं नेहमीचं आलं. एन्ट्री द्यायची शेवटची वेळ रात्री बाराची होती. जिंकलेल्या मुलीने पोस्टरसाठी रात्र जागून काढली होती आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला ती झोपली. मी तिला उठवलं नाही.

त्याच सुमारास मी आदेश स्वतः वाचायला घेतला. त्यात एक सूचना अशी आहे की विद्यार्थ्यांच्या गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत लाजवू नये, कुवतीबाहेरची उद्दिष्टं लादू नयेत. न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे कोटाचे आणि विजयवाड्याचे क्लासेस असणार. माझ्या डोळ्यांपुढे आमचा सेमिनार हॉल आला.

ज्यांनी डिझाइनची ज्युरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतीवर मुलाच्या शीट्स टाचण्यांनी लावलेल्या, टेबलावर सनबोर्डचं, म्हणजे हलक्या फोमच्या बोर्डचं, किंवा क्लेचं मॉडेल. समोर खुर्च्यांवर तीन-चार परीक्षक, त्यांतला एखादा बाहेरून आलेला एक्स्टर्नल. त्यांच्यामागे अख्खा वर्ग. मूल उभं राहून आपलं काम समजावतं, मग परीक्षक बोलतात. गणिताचं उत्तर चुकलं तर गणित चुकतं. इथे रंग, रेषा, कल्पना, निवड सगळं त्या मुलाच्या आतून आलेलं असतं, म्हणून "यात काहीच दम नाही" हे वाक्य कागदाला लागत नाही, मुलाला लागतं. त्यातून ते सहसा रात्रभर जागं असतं. आदल्या दिवशी दुपारपासून जेवलेलं नसतं. एकोणीस-वीस वर्षांचं असतं.

ही पद्धत आपली नाही. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात मुदत संपली की चित्रं गोळा करायला हातगाडी फिरायची आणि मुलं म्हणे त्या गाडीवर चढूनसुद्धा शेवटच्या रेघा मारत राहायची. ही गोष्ट जगभरच्या आर्किटेक्चर आणि डिझाइनच्या कॉलेजांत कौतुकाने सांगतात. अमेरिकेत मात्र आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने या कौतुकाला २००२ सालीच हात घातला. रात्रभर कॉलेजात काम करून गाडी चालवत निघालेला एक विद्यार्थी अपघातात गेला, त्यानंतर त्यांनी समिती नेमली आणि स्टुडिओची, म्हणजे मुलं जिथे काम करतात त्या वर्गाची, संस्कृतीच नव्याने घडवायला हवी असा अहवाल काढला. स्टाफ मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आम्ही नाही का रात्री जागवल्या? आमच्या सरांनी माझी शीट फाडली होती, त्यातूनच शिकलो." हे सर वाईट नाहीत. फी अडलेल्या मुलांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालणारे आहेत. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातं.

खरी गाडी पुढे सरकली ती समुपदेशक बाईंमुळे. कोण येतं, काय बोलतं यातलं अक्षरही त्या सांगत नाहीत आणि सांगूही नये, पण दिवाळीनंतर एकदा चहाला बसलो असताना म्हणाल्या, "मॅडम, मी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवते. पण सोमवारी एकदम तीन सबमिशन असतील तर श्वासाने काय होणार? माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना माझी नाही, तुमच्या टाइमटेबलची गरज आहे." सबमिशनच्या आठवड्यात त्यांची खोली रिकामी असायची आणि नंतरच्या आठवड्यात रांग लागायची. म्हणजे मदतीची गरज सगळ्यांत जास्त असते तेव्हा मुलांना मदत मागायला फुरसत नसते.

मग आम्ही जे दुसऱ्यांसाठी शिकवतो ते स्वतःच्या घरी करून पाहिलं. पहिल्या वर्षाला आम्ही 'वापरणाऱ्याच्या दिवसाची नोंद' नावाचा अभ्यास देतो. मुलं भाजीवाल्याबरोबर किंवा बस कंडक्टरबरोबर दिवसभर फिरतात आणि तासातासाला काय घडलं ते लिहितात. या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना म्हटलं, स्वतःचीच लिहा. नाव घालू नका, आठवडाभर ठेवा, मार्क नाहीत.

त्या वह्या वाचताना मला अपेक्षित होतं की मोबाइलमध्ये किती वेळ जातो ते दिसेल. ते दिसलंच. पण बाकीचं नवीन होतं. गाईड, म्हणजे काम बघणारे शिक्षक, मोकळे होण्याची वाट बघत स्टुडिओबाहेर उभं राहण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जात होत्या. प्लॉटरवर मोठ्या शीट्स छापून देणाऱ्या दादांच्या दुकानात सबमिशनच्या आदल्या रात्री लागणारी रांग हा एका मुलीच्या वहीत जवळजवळ पानभर विषय होता. दुकान रात्री दहाला बंद होतं, म्हणून नऊला फाइल द्यायची, म्हणून काम आठला थांबवायचं, पण मॅमनी बदल सांगितले सातला. एका मुलाने रोजच्या नोंदीत फक्त खर्च लिहिला होता. सनबोर्ड, कटरची पाती, स्प्रे पेंट, बाइंडिंग, ए-वन प्रिंट, परत ए-वन प्रिंट कारण रंग फिके आले. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मेस या आठवड्यात एकच वेळ.' आमच्या शंभर मार्कांच्या मूल्यमापनात सादरीकरणाच्या सफाईला मार्क असतात. ती सफाई विकत मिळते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकाच वहीत मेस आणि बाइंडिंग शेजारी-शेजारी लिहिलेलं बघणं वेगळं.

डिसेंबरात आम्ही पुढच्या टर्मचं कॅलेंडर मांडलं. पांढऱ्या बोर्डवर प्रत्येक विषयाचं सबमिशन वेगवेगळ्या रंगाच्या चिकट चिठ्ठीने लावलं. तीन रंग एका आठवड्यात आले की कोणीतरी माघार घ्यायची. हे ऐकायला फार साधं वाटतं. प्रत्यक्षात दुपारभर भांडण झालं, कारण प्रत्येकाला आपला विषय मुख्य वाटतो आणि व्हिजिटिंग फॅकल्टींच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. एका आठवड्यात एकाच वर्षाची दोनपेक्षा जास्त मोठी सबमिशन नकोत. आणि ज्युरीच्या अठ्ठेचाळीस तास आधी काम गोठवायचं. फाइल अपलोड झाली की झाली, त्यानंतर कोणी गाईड बदल सांगणार नाही. मधले दोन दिवस प्रिंट, मॉडेलची डागडुजी आणि झोप यांसाठी.

झोपेचा मुद्दा पटवायला मी भावनेचा आधार घेतला नाही. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आमच्या मुलांच्या हातात त्या अवस्थेत कटर असतो आणि सकाळी दुचाकीचं हँडल. शीट फाडल्याची आठवण सांगणारे सर यावर गप्प झाले. त्यांच्याच बॅचच्या एका मुलाच्या अंगठ्याला टाके पडले होते.

स्टुडिओ रात्री दहाला बंद करायचा, अशीही सूचना आली आणि मंजूर झाली. पहिल्याच महिन्यात तिचा उलटा परिणाम दिसला. ज्यांच्याकडे घरी स्वतःची खोली, टेबल आणि चांगला लॅपटॉप होता त्यांचं काहीच अडलं नाही. कॉट बेसिसवर चौघांत राहणारी मुलं मात्र मांडीवर सनबोर्ड घेऊन जिन्यात कापायला लागली. मग रात्रीची वेळ तशीच ठेवून सकाळी सहाला स्टुडिओ उघडायचं ठरलं. वॉचमनकाकांची ड्युटी बदलावी लागली आणि त्यासाठी प्राचार्यांना ट्रस्टींकडे जावं लागलं. मानसिक आरोग्याच्या कामात सगळ्यांत जास्त कागद मी कशासाठी खरडले असतील, तर वॉचमनकाकांच्या ड्युटीसाठी.

आता ज्युरीकडे येते. ती रद्द करावी असं मला कधीच वाटलं नाही. आपलं काम चारजणांपुढे मांडायचं, प्रश्न झेलायचे हे या धंद्यात रोज करावं लागतं, क्लायंट काही शिक्षकांपेक्षा मऊ नसतो. पण प्रश्न झेलायला शिकवणं वेगळं आणि पाणउतारा वेगळा. आम्ही काही बदल केले, त्यातला सगळ्यांत किरकोळ बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रोल नंबर इंग्रजी अक्षरांनी लागतात, त्यामुळे ज्युरीला आगाशे, भोसले सकाळी दहाला आणि वाघमारे, यादव संध्याकाळी सातला. परीक्षक तोपर्यंत थकलेले, चिडलेले, एक्स्टर्नल घड्याळाकडे बघतोय. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून या मुलांचं उरलंसुरलं अवसानही गळालेलं. पाच वर्षं आडनावामुळे हीच मुलं शेवटी, आणि हे कोणाच्याही मनात आलं नव्हतं! आता क्रम दर वेळी फिरतो आणि प्रत्येकाला वेळ आधी कळते, त्यामुळे दिवसभर सगळ्यांनी ताटकळत बसायचं कारण उरत नाही.

दुसरं, परीक्षकांनी तोंड उघडण्याआधी एका छोट्या कागदावर लिहायचं. काय जमलंय, काय कळलं नाही, पुढे काय करून बघावं. तो कागद मुलाला मिळतो. बोलून झाल्यावर लिहायला सांगितलं तर पहिला जो तापतो त्याच्याच मागे बाकीचे जातात, हे ज्युरीत बसलेल्या कोणालाही माहीत आहे. तिसरं, प्रत्येक मुलाबरोबर एक वर्गमित्र नोंदी घ्यायला बसतो. उभ्या असलेल्या मुलाला पहिल्या टोमण्यानंतर पुढचं ऐकूच येत नाही. एका मुलीला परीक्षकांनी एका मांडणीबद्दल मनापासून शाबासकी दिली होती, पण तिच्या डोक्यात फक्त 'टायपोग्राफी कच्ची आहे' एवढंच राहिलं होतं. मैत्रिणीने लिहून घेतलेली वही तिने घरी जाऊन वाचली, तेव्हा तिला शाबासकीचा पत्ता लागला.

आणि मराठीत बोलायची मुभा. लातूर, जळगाव, सांगलीकडून येणारी कितीतरी मुलं हाताने अफाट काम करतात आणि ज्युरीत "धिस इज... माय कॉन्सेप्ट इज..." एवढ्यावर अडकतात. हे कागदावर कुठेच मना नव्हतं, पण कोणी बोलत नव्हतं. एका एक्स्टर्नल बाईंनी स्वतःच पहिला प्रश्न मराठीत विचारला आणि मग एक मुलगा असा काही सुटला की त्याला थांबवावं लागलं. गोधडीच्या टाक्यांवरून बनवलेल्या पॅटर्नबद्दल तो बोलत होता. आजी गोधडी शिवताना टाका कुठे घट्ट ओढते आणि कुठे सैल सोडते ते त्याने हवेत सुई धरून दाखवलं. तेच काम आधीच्या टर्मला 'एक्स्प्लोरेशन कमी' या शेऱ्यावर परत आलं होतं.

आमच्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, आम्ही 'स्वतःची गोष्ट' छापाचे ब्रीफ, म्हणजे कामाचे विषय, देतो. आठवणींचा नकाशा काढा, भीतीचं शिल्प करा, घराचं पुस्तक बनवा. यातून सुंदर कामं येतात, हे खरंच. पण अठरा वर्षांच्या मुलाकडून आपण त्याची सगळ्यांत जुनी जखम मागतो, ती भिंतीवर लावतो आणि मग तिच्या मार्जिनवर बोलतो. वडिलांच्या दारूबद्दल पुस्तक केलेल्या मुलीला "दुसरा चॅप्टर प्रेडिक्टेबल आहे" असं सांगितलं गेल्याचं मी ऐकलंय. आता अशा प्रत्येक ब्रीफबरोबर दुसरा, बाहेरच्या विषयाचा ब्रीफ द्यावा लागतो आणि निवडीचं कारण विचारायचं नाही. मार्क रचनेला, उघडं होण्याला नाही. हे वाक्य आम्ही ब्रीफच्या खालीच छापतो.

फायनल इयरच्या थीसिसचंही तसंच. सामाजिक विषय घ्यावा अशी आमची हौस असते. एक विद्यार्थिनी शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायकांसाठी माहितीपुस्तिका करत होती. यवतमाळ जिल्ह्यात आठवडाभर राहून मुलाखती घेऊन आली. आल्यावर काम थांबलं. हजेरी पूर्ण, पण स्केचबुक कोरं. गाईडना वाटलं आळस करतेय. ती मला म्हणाली, "मॅम, त्या काकू मला जेवायला वाढत होत्या आणि मी रेकॉर्डर चालू ठेवला होता." डॉक्टर किंवा सामाजिक कार्यकर्ते असं ऐकून आले की त्यांच्याशी बोलायला वरिष्ठ असतात. आमच्या मुलांशी कोण बोलणार? आता अशा विषयावर फील्डला जाण्याआधी आणि आल्यावर समुपदेशक बाईंबरोबर बैठक सक्तीची आहे, मुलीला काही 'झालंय' म्हणून नव्हे, तर परवानगीपत्रासारखी कामाचा भाग म्हणून. ती पुस्तिका पूर्ण झाली. मुलाखतींचे फोटो तिने वापरले नाहीत, बायकांनी सांगितलेल्या कागदपत्रांच्या अडचणींचा क्रम तेवढा मांडला. माझ्या मते तो त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला थीसिस होता.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल मी साशंक होते. पीपीटी, चहा, प्रमाणपत्र, फोटो. पण आलेल्या मनोसामाजिक कार्यकर्त्या बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाल्या, "समोरच्या मुलाला आत्महत्येबद्दल विचारायचंय. मराठीत विचारा. एकेकाने." सगळे टाळाटाळ करायला लागले. "तुला काही... म्हणजे तसं काही..." "तू ठीक आहेस ना?" बाई म्हणाल्या, "'ठीक आहेस ना'ला उत्तर 'हो' असंच येतं. सरळ विचारा." शेवटी वर्कशॉपचे आमचे शिक्षक, जे एरवी मीटिंगमध्ये बोलत नाहीत, म्हणाले, "जीव द्यावा असं मनात येतं का?" खोलीत सगळे एकदम स्तब्ध. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते, हे बाईंनी नीट समजावलं. 'हो' आलं तर काय करायचं तेही ठरवून घेतलं. एकटं सोडायचं नाही. सल्ला, उपदेश, आईवडिलांची आठवण करून देणं नाही. त्याच दिवशी समुपदेशकांकडे किंवा ससून रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सोबत जायचं. रात्र असेल तर १४४१६ लावायचा. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांना कळवायचं, पण शक्यतो मुलाला विश्वासात घेऊन.

स्टुडिओत लक्ष कशावर ठेवायचं, हे मात्र आम्हीच त्यांना सांगितलं. आमच्याकडे मूल गैरहजर राहण्याआधी काम दाखवणं बंद करतं. वर्गात असतं, हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत असतं, पण पिन-अपला, म्हणजे काम भिंतीवर लावून दाखवायच्या वेळी, भिंत रिकामी. नाहीतर याच्या उलट, दर आठवड्याला सगळं फाडून नव्याने सुरू करतं आणि आपण 'किती मेहनती' म्हणतो.

घरच्यांचं काय? एका मुलाचे वडील तालुक्याच्या गावाहून आले होते. तपशील बदलून सांगते. समुपदेशकांनी औषधोपचाराची गरज असू शकते असं सुचवलं होतं आणि मुलाची घरी सांगायला तयारी होती, फक्त मी बरोबर बसावं असं त्याला वाटत होतं. वडील खुर्चीच्या कडेवर बसले. "मॅडम, आमच्यात असं कोणाला नाही," पहिलं वाक्य. मग, "चित्रकलेला घातलं म्हणून झालं का?" मग बऱ्याच वेळाने, मुलाकडे न बघता, "माझ्या थोरल्या भावाला रात्र-रात्र झोप नव्हती. आम्ही देवाला नेलं होतं." मी काहीच बोलले नाही. मुलगाच म्हणाला, "अप्पा, काकांचं मला माहितीय." बापलेक त्यानंतर कँटीनमध्ये मिसळ खाऊन ससूनला गेले. मुलाने ती टर्म सोडली आणि पुढच्या वर्षी परत आला. आता खालच्या बॅचबरोबर शिकतो आणि त्याबद्दल बऱ्यापैकी वैतागलेला असतो.

ती टर्म सोडण्याचं प्रकरण ऑफिसच्या खिडकीवर अडलं होतं. पंच्याहत्तर टक्के हजेरीतून सूट हवी तर वैद्यकीय प्रमाणपत्र द्या. ते खिडकीतून द्यायचं, मागे फीची रांग आणि आतून खणखणीत आवाजात, "काय झालंय याला? हे कसलं सर्टिफिकेट?" क्लार्कला दोष देऊन उपयोग नाही, ते तापाच्या सर्टिफिकेटबद्दलही तसंच विचारतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि खिडकीला तो माहीत नव्हता. आता प्रमाणपत्र बंद पाकिटात थेट उपप्राचार्यांकडे जातं आणि ऑफिसला फक्त 'वैद्यकीय रजा, मंजूर' एवढाच कागद मिळतो. मूळव्याधीच्या सर्टिफिकेटलाही हाच नियम लावल्यामुळे पाकीट म्हणजे मानसिक असं समीकरण झालं नाही.

सीनियर मुलांची 'सोबती' योजनाही सुरू केली होती. ती आटोपती घेतली. ऐकून घेण्याचं काम बघता बघता चार-पाच मुलींवरच पडलं आणि त्याच थकल्या. आता सोबत्यांचं काम एवढंच, की नव्या मुलाला समुपदेशकांच्या खोलीपर्यंत नेऊन सोडायचं, आणि उरलेला सनबोर्ड, पेपर, रंग ज्या कपाटात ठेवतात त्याची किल्ली सांभाळायची. त्या कपाटातून कोणीही काहीही घ्यावं, नोंद नाही. कपाट रिकामं होतं आणि भरतं. कोण घेतं, कोण ठेवतं मला माहीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि महाराष्ट्र त्यात सर्वांत वर आहे. वार्षिक अहवालात हा आकडा मी पहिल्या पानावर टाकला होता. ट्रस्टींच्या बैठकीत त्यावर कोणी बोललं नाही. चर्चा झाली ती समुपदेशक बाईंचे दोन दिवस वाढवून चार करायचे की नाहीत यावर, कारण त्यांचं कंत्राट मेमध्ये संपतं आणि खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते ठरत नाही. अकाउंट्सचं म्हणणं, 'विद्यार्थी उपक्रम' या हेडमध्ये टाका, म्हणजे गॅदरिंगच्या शेजारी. मी वेगळ्या हेडसाठी अर्ज दिलाय. शीट फाडल्याची गोष्ट सांगणाऱ्या सरांनी त्यावर सही केली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'ज्युरीचे कागद जरा मोठ्या साइझचे छापा, माझं अक्षर मावत नाही.'